गणपत तिकोन्याच्या तीन वह्या

गणपत तिकोने गेल्यावर लोणावळ्यात त्याच्यासाठी शोकसभा झाली. तिच्यात तीन वक्ते बोलले आणि तिघेही खोटे बोलले. पहिल्याने त्याला ‘शांत व मृदू स्वभावाचा’ म्हटले. दुसऱ्याने सांगितले की, बाजारातल्या त्याच्या दुकानात दांडकी घेऊन माणसे शिरली तेव्हा तो टेबलाखाली लपला होता. तिसरा आज स्वतः संकेतस्थळे बनवण्याचा धंदा करतो. त्याच्या मते अखेरच्या काळात गणपतच्या डोक्यावर परिणाम झाला होता, आणि म्हणूनच तो दर शनिवारी कार्ल्याच्या फाट्यावर दगडावर बसून गाड्या अडवीत असे. मी मागच्या रांगेतून बोलायला उठलो, तेव्हा कुणीतरी माझ्या हाती चहाचा कप दिला आणि सभा संपल्याचे जाहीर केले. म्हाताऱ्या माणसाला गप्प करण्याची ही आपल्याकडची सभ्य रीत आहे. चहा मी प्यालो. गप्प बसण्याचे मात्र कबूल केले नाही.

लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजचा मी प्रमुख होतो आणि गणपत माझ्या हाताखाली लाइनमन. तो शांत नव्हता आणि मृदू तर मुळीच नव्हता. तो आधी मारी आणि कारण नंतर सांगे. ज्याला मारले असेल त्याचा बिघडलेला फोन मात्र दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी दुरुस्त करी. त्याच्या विजारीच्या उजव्या खिशात सदैव एक पक्कड असे. तिच्या वजनाने खिसा फाटे म्हणून बायकोने त्याला आतून ताडपत्रीचा तुकडा शिवला होता. बोलताना प्रत्येक मुद्द्यासरशी तो ती पक्कड समोरच्याच्या छातीवर टेकवीत असे. मी त्याचा वरिष्ठ होतो, तरी माझ्या सदऱ्यांच्या दुसऱ्या गुंडीजवळ वंगणाचे डाग असत.

दोन गोष्टींवर त्याची श्रद्धा होती. एक म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी. नवे जाडजूड बुक आले की आपल्या भागातली नावे तो बोट ठेवून वाची, आणि एखाद्याचे नाव सुटले असेल तर त्या घरी स्वतः जाऊन क्षमा मागे. “नाव लागलं पायजे साहेब. नाव न्हाई तर मानूस जित्ता असून कुनाला ठावं?” असे तो म्हणे. दुसरी श्रद्धा पत्त्याविषयी. आमच्या मावळात पत्ता घराचा देत नाहीत. जिथवर माणूस न चुकता येईल आणि जिथे सांगायला कुणी बसलेले असेल, त्या जागेचा देतात. “देवळापाशी या आणि कुणालाही विचारा” हा आमच्याकडे पूर्ण पत्ता आहे. म्हणून गणपतला कुणी रस्ता विचारला की तो प्रथम विचारी, “कुटनं येनार?” पुण्याकडून येणाऱ्याला एक खूण, मुंबईकडून येणाऱ्याला दुसरी.

कामशेतच्या केबलचोराची हकीकत आता इतकी फुगली आहे की ती प्रथम नीट सांगितली पाहिजे. गणपतने चोराचे बोट तोडले, असे लोक सांगतात. बोट तुटले नाही, मोडले. मी तेथे होतो. भर दुपारी चार माणसे कंत्राटदाराची जाकिटे घालून जमिनीतली तांब्याची केबल खणून काढीत होती. गणपतने जीपमधून उडी टाकली. पहिल्याच फटक्याला कुदळीचा दांडा त्याच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला जीपमध्ये ऐकू आला. तिघे पळाले. चौथ्याला त्याने खड्ड्यात पाडले, त्याच्या छातीवर गुडघा रोवला, करंगळी पकडीत धरली आणि त्या केबलवर ज्यांचे फोन बंद पडले होते त्यांची नावे तोंडपाठ म्हणू लागला.

“दवाखान्याचा फोन. ऐकतूस न्हवं? सुईनबाईचा. त्या पेन्शनर मास्तराचा, त्याचा पोरगा आयतवारी परदेशातनं बोलतो. पिठाच्या गिरनीचा…”

प्रत्येक नावाला पक्कड थोडी आवळत होती. चोर किंचाळत होता. मी “गणपत, सोड!” असे ओरडलो. त्याने मान न वळवता उत्तर दिले, “अजून आठ नावं हायती, साहेब.” आठही नावे झाली. मग त्याने त्या माणसाला स्वतःच्या धोतराच्या पट्टीने बोट बांधून दिले. धोतर तो रविवार म्हणून नेसला होता; पक्कड कमरेला खोचलेली होती.

मोबाइल आले, खांबांवर वेली चढल्या. गणपतने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लोणावळ्याच्या बाजारात संगणकाचे दुकान टाकले. बंगले व खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी तो संकेतस्थळे बनवी. ती कला तो पन्नाशीनंतर शिकला. दोन बोटांनी टंकलेखन करी, आणि कळा अशा ठोकी की वर्षाला दोन कीबोर्ड मोडत.

त्याच्या गिऱ्हाइकांत वलवणची सोनामावशी होती. डोंगरावरच्या ठाकरवाडीतून मजुरीसाठी खाली आलेल्या या विधवेने धरणाच्या बाजूला चार खोल्या उभ्या केल्या होत्या. पाहुण्यांना ती चुलीवरची भाकरी वाढी. परंतु पाहुणे तिच्यापर्यंत पोहोचतच नसत. कार्ल्याच्या फाट्यावर खोल्यांचे दलाल हातात कार्डे घेऊन गाड्या अडवीत, आणि सोनामावशीचे नाव निघाले की सांगत, “ते बंद झालं. तितं साप निगाला.” त्यांचा म्होरक्या नंदू. आपल्यामार्फतच पाहुणे घ्यावेत, असे त्याने मावशीला बजावले होते. तिने नकार दिला. एका दुपारी पाच जण वलवणला आले, पहारीने तिची पाण्याची टाकी फोडली आणि आडवा आलेल्या जावयाच्या गळ्याजवळचे हाड मोडले.

गणपत स्कूटरवर बसून तडक फाट्यावर गेला. त्याने नंदूला जीपमधून ओढून काढले, त्याचा पंजा बॉनेटवर दाबून धरला आणि पकडीने दोन घाव घातले. समोरच नंदूचे घर. ओट्यावर नंदूचा बाप बसलेला होता. सारा फाटा त्यांना आबा म्हणे. आबा दिवसभर त्या ओट्यावर बसत आणि वाट चुकलेल्याला खरी वाट सांगत, मग ती पोराच्या धंद्याच्या विरुद्ध का जाईना. रक्त पाहून ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, “गनपत, एक माज्या नावाचा हान. त्या बाईची टाकी फोडली ह्या भाड्यानं.”

“तुमच्या नावाचा तुमी हाना, आबा,” गणपत म्हणाला आणि त्याने पक्कड खिशात टाकली.

त्याच संध्याकाळी त्याने मावशीच्या अंगणात शब्द दिला. “मावशी, तुजं नाव इंटरनेटच्या पयल्या पानावर आनतो. पावना घरातनंच तुला फोन करंल. फाट्यावर कुनाला इचारायची गरजच ऱ्हानार न्हाई.”

“आन न्हाई आलं तर, भाऊ?”

“तर ही पक्कड पुन्ना हातात धरनार न्हाई.”

आता एक गोष्ट सांगतो, जी शोकसभेत कुणाला ठाऊक नव्हती. इंटरनेटवर धंद्यांची नावे आणि पत्ते गोळा करणाऱ्या असंख्य याद्या आहेत. त्यांनाही डिरेक्टरीच म्हणतात. त्यांत नाव नोंदवत गेले की शोधात संकेतस्थळ वर चढते, असे त्या धंद्यात बोलले जाते. गणपतने मला विचारले, “हे खरं असंल का, साहेब?” मी संगणकाला हात लावलेला नव्हता, पण डिरेक्टरी या शब्दावर माझा जन्माचा अधिकार आहे, असे मी समजत होतो. मी म्हणालो, “डिरेक्टरीत नाव नाही तो धंदा नाही. जितक्या याद्या, तितके वजन. निःशंकपणे कर.” हा सल्ला माझा होता.

त्याने तीनशेवर याद्यांत मावशीचे घर नोंदवले, प्रत्येक नोंद स्वतःच्या हाताने. त्यासाठी तीन वह्या घातल्या: यादीचे नाव, दिलेली खूण, आणि ती कुठून येणाऱ्यासाठी. होय, खुणा वेगवेगळ्या होत्या. मुंबईच्या लोकांची यादी असली तर धरणाची भिंत. आगगाडीने येणाऱ्यांसाठी स्टेशनबाहेरचा रिक्षाथांबा. पुणेकरांच्या यादीत नकाशावर टाचणी लावायची जागा आली, तेव्हा त्याने ती फाट्यावरच्या आबांच्या ओट्यावर लावली आणि खाली लिहिले, ‘ओट्यापाशी या आणि विचारा.’

“घर दावून काय उपेग? मधीच चुकतील,” तो मला म्हणाला. “आबापाशी आले की आबा लावतील वाटंला. नंदूच्या नाकावर टिच्चून.”

मी हसलो. मी त्याची पाठ थोपटली.

नाव वर आले नाही. रोज सकाळी दुकान उघडले की तो शोध घेई आणि पाने उलटीत जाई. मावशी अकराव्या पानावर, कधी बाराव्या. भिंतीवर त्याच्या मुठीचे पोपडे निघालेले मी पाहिले आहेत. त्याने आणखी एक व्यवस्था केली होती. चुकूनमाकून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मावशीने विचारायचे, “आमचं कसं कळलं?” ती उत्तरे तो तिसऱ्या वहीच्या मागच्या पानांवर उतरून घेई. मेहुण्याने सांगितले. पूर्वी आलो होतो. एका बाईंनी इथल्या भाकरीविषयी लिहिले होते ते वाचले. डिरेक्टरीत पाहिले, असे एकही उत्तर नव्हते.

“साहेब, ही बुकं कोन उगडतंय?” त्याने एकदा विचारले.

मी म्हणालो, “धीर धर.”

त्या हिवाळ्यात आबा वारले.

त्यांच्या दहाव्याच्या दिवशी फाट्यावर जे घडले, त्याला मी साक्षी नव्हतो. मी सांगतो ते पंचनाम्यात आहे आणि नंदूच्या आईने मला स्वतः सांगितलेले आहे. ज्यांना दुसरे काही ठाऊक असेल त्यांनी तिच्यासमोर बोलावे. भाऊबंद डोकी भादरून नदीवरून परतले होते. अंगणात पाने मांडली होती. तेवढ्यात पुण्याकडून तीन गाड्या आल्या, गाणी लावलेल्या, आणि सरळ दारात शिरल्या. बारा तरुण उतरले. भर दुपारी त्यांना पाय टाकता येत नव्हता. एक जण ओट्यावर चढला, आबांच्या फोटोपुढच्या दिव्याशेजारी बाटली ठेवली आणि म्हणाला, “हेच ना ते? मालक, आमच्या खोल्या कुठे आहेत?”

नंदूने फावडे उचलले. पहिल्या घावाला त्या तरुणाचे दात ओट्यावर सांडले. मग गाड्यांतून क्रिकेटच्या बॅटी निघाल्या. पाने तुडवली गेली, आमटीचे पातेले एका म्हाताऱ्याच्या पायावर उपडे झाले. घाबरलेल्या एका चालकाने गाडी मागे घेतली, आणि फोटो सावरायला धावलेल्या नंदूच्या आईचा हात भिंत आणि गाडी यांच्यामध्ये सापडला. मनगटाचा चुरा झाला.

पोलिसांनी एका तरुणाचा फोन तपासला. त्यावर एका डिरेक्टरीचे पान उघडे होते. सोनामावशीचे नाव, आबांच्या ओट्यावर टाचणी.

ही बातमी फोनवरून दुकानात आली तेव्हा मी समोरच्या बाकावर बसलेलो होतो. गणपतने दुसरी वही काढली, बोट ठेवून नोंद शोधली आणि वही माझ्यापुढे धरली.

“माजंच अक्षर हाय, साहेब. आबा गेल्यावर काडायची ऱ्हायली.”

“नंदू इकडेच येतो आहे. शटर ओढ,” मी म्हणालो.

“न्हाई.”

त्याने खिशातून पक्कड काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “ही धरा. खिशात असली तर हात जाईल.”

टेबलाखाली लपलेला माणूस आपली पक्कड दुसऱ्याच्या हवाली करीत नाही. तो टेबल ओलांडून दुकानाच्या मधोमध येऊन उभा राहिला. नंदू आला. गुळगुळीत डोके, कपाळावर वाळलेले रक्त, मागे आठ-दहा जण लोखंडी गज घेऊन.

“ए तिकोन्या! माज्या बापाच्या दहाव्याला बेवडे धाडतूस व्हय रं?”

“नोंद माजी हाय, नंदू. मारायचं तर मार.”

क्षणभर नंदूही गोंधळला. या माणसाने एकेकाळी त्याचा पंजा ठेचला होता. तो असा उभा राहील, हे त्याच्या हिशेबात नव्हते. मग पहिला गज गुडघ्यावर बसला. गणपत खाली आला तरी हात त्याने अंगाशी घट्ट धरून ठेवले. संगणक फुटले, काचा उडाल्या. नंदूने त्याचा उजवा हात जमिनीवर दाबला, बोटे पसरली आणि एकेका बोटावर गज मारला. गणपत ओरडत होता. तो ओरडला नाही, असे सांगून मी त्याला देव बनवणार नाही. पण त्याने हात ओढून घेतला नाही. आणि मी पक्कड मुठीत धरून बाकावर बसून होतो. त्याविषयी कुणी मला अद्याप विचारलेले नाही. विचारल्यास उत्तर देईन.

पोलिसांना त्याने सांगितले, “मी पडलो.” फौजदार हसला. गणपतने जबाब बदलला नाही.

प्लास्टर निघण्याआधीच त्याने डाव्या हाताने तीनशे नोंदी काढून टाकण्याचे काम आरंभले. तेव्हा त्याला त्या याद्यांचे खरे स्वरूप कळले. बहुतेकांकडून उत्तर येईना. कित्येकांचा धनीच सापडेना; नवीन नावे घेण्याचे यंत्र तेवढे चालू, नाव पुसायला माणूस नाही. काही थोड्या याद्या जिवंत निघाल्या, जिथे माणसे खरोखर जागा शोधत येतात. तेवढ्या त्याने ठेवल्या आणि सर्वांत एकच पत्ता लिहिला, मावशीच्या दाराचा. मग कुबडी घेऊन तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी गेला. “यादीत नाव घालून नंबर वर येत न्हाई. मी तुमाला खोटं सांगितलं.” काहींनी शिव्या दिल्या. एकाने थोबाडीत मारली. गणपतने दुसऱ्या घराचा रस्ता धरला.

पुढच्या वर्षी मावशीचे घर शोधाच्या पहिल्या पानावर आले. शोकसभेतला तो तिसरा वक्ता आपल्या गिऱ्हाइकांना सांगतो, की ही तिकोन्यांच्या तीनशे डिरेक्टऱ्यांची पुण्याई. मी त्याला वह्या दाखवल्या, त्याने त्या उघडल्या नाहीत. मावशीकडे राहून गेलेली माणसे तिच्या भाकरीविषयी, तिच्या शिव्यांविषयी लिहीत गेली, फोटो टाकत गेली. पत्ता एकच झाला होता, म्हणून ते सारे एकाच घराच्या नावावर जमा होत गेले. पाहुण्यांची उत्तरे त्या मागच्या पानांवर आहेत. तिन्ही वह्यांत डिरेक्टरीने आणून सोडलेले पाहुणे तोवर एकदाच आले, आणि ते आबांच्या दहाव्याला.

सोनामावशी दुकानात पेढे घेऊन आली. “भाऊ, आता पक्कड धर की.”

“पान आलं, मावशी. पन कशानं आलं ते मला ठावं हाय.”

आणि ओट्यावरची टाचणी अजून निघाली नव्हती. त्याने पत्रे पाठवली, फोन केले; पलीकडे कुणीच नव्हते. ते पान आजही आहे. मी परवाच पाहिले.

म्हणून तो फाट्यावर बसू लागला. डोक्यावर परिणाम झाला नव्हता. शनिवारी पुण्याच्या गाड्या येतात, हा हिशेब होता. ओट्यावर बसायला नंदूच्या आईने मनाई केली, तेव्हा तो रस्त्यापलीकडच्या दगडावर बसला. पहिल्याच शनिवारी नंदूने भिरकावलेला धोंडा त्याच्या कपाळावर लागला. रक्त पुसून तो संध्याकाळपर्यंत बसला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आला. नंदूने त्याला शिक्षा म्हणून बसवले होते, असेही काही जण सांगतात. नंदू तर त्याला उठवू पाहत होता.

मी त्याला शेवटचे पाहिले ते तेथेच. मी आता राहतो त्या घोरावाडीहून निघून दुपारी कार्ल्याला एसटीतून उतरलो. पिशवीत पक्कड होती. ती परत करायची असे मी ठरवले होते. मी ती काढताच त्याने मान फिरवली.

“ऱ्हाऊ द्या, साहेब. तुमच्यापाशीच बरी.”

तेवढ्यात पुण्याकडून एक गाडी सुसाट आली आणि आबांच्या दाराकडे वळू लागली. गणपत लंगडत पुढे झाला आणि तिच्या आडवा उभा राहिला. गाडी थांबली ती त्याच्या गुडघ्याला टेकूनच. चालक उतरला, त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. “म्हाताऱ्या, मरायचंय का?” म्हणत त्याने गणपतची गचांडी धरली आणि एक ठेवून दिली. टोपी रस्त्यात पडली. गणपतचा वाकडा उजवा हात खिशाकडे गेला, रिकाम्या खिशावरून फिरला आणि परत आला.

समोर ओट्यावर नंदू येऊन उभा राहिला होता. फावडे त्याच्या हाताशीच भिंतीला टेकलेले होते. त्याची आई उंबऱ्यात होती. दोघांपैकी कुणी हलले नाही.

गचांडी त्या माणसाच्या मुठीत तशीच राहू देऊन गणपतने विचारले, “कुटं जायाचं, मालक? सोनामावशीकडं न्हवं?”

मूठ सैल पडली. “हो. इथेच दाखवतंय.”

“हितं न्हाई. हितं आबा ऱ्हात हुते.” मोडक्या बोटांनी त्याने वलवणची दिशा दाखवली. “सरळ जावा. धरनाच्या अंगाला निळं दार. कुनाला इचारू नका, थेट दारातच जाशीला.”

गाडी वळून गेली. त्याने वाकून टोपी उचलली, मांडीवर दोनदा झटकली आणि पुन्हा दगडावर बसला, पुण्याकडे तोंड करून.